अडुळशाचा काढा : पान ओळखण्यापासून थांबण्याच्या वेळेपर्यंत

संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात पहाटेची थंडी आणि दुपारचे ऊन यांत मोठी तफावत पडते. होम मैदानावर गड्ड्याची यात्रा भरलेली असते, हजारो पावलांनी धूळ उडत असते, आणि त्याच पंधरवड्यात घराघरांतून खोकल्याचा आवाज ऐकू येऊ लागतो. अशा वेळी जुन्या वाड्यांच्या परसात किंवा शेताच्या बांधावर उभा असलेला अडुळसा लोकांना आठवतो. कोणी चार पाने मागून नेते, कोणी काष्ठौषधीच्या दुकानातून वाळलेल्या पानांची पुडी आणते आणि काढा उकळायला ठेवला जातो. मात्र कोणत्या खोकल्यावर हे पान चालते, ते किती घ्यावे, कसे शिजवावे आणि किती दिवसांनी थांबवावे, याची नेमकी माहिती आता थोड्याच घरांत उरली आहे. ती माहिती नीट मांडण्याचा हा प्रयत्न आहे. मी वैद्य नाही. अडुळसा अनेक वर्षे लावणारा आणि वापरणारा माणूस आहे. म्हणून जेथे वैद्यांचा किंवा डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे, तेथे तसे स्पष्ट लिहिले आहे.

आधी खोकला ओळखावा

प्रत्येक खोकल्यावर अडुळसा हा समज सर्वप्रथम दूर करायला हवा. छातीत घट्ट, चिकट, पिवळसर कफ साचला आहे, खोकून खोकून बरगड्या दुखतात, पण कफ सुटत नाही, हा अडुळशाचा खरा प्रांत आहे. आयुर्वेदाने या वनस्पतीला चवीने कडू व तुरट, गुणाने हलकी आणि वीर्याने, म्हणजे शरीरावरील परिणामाने, थंड मानले आहे, आणि कफ व पित्त या दोन्हींचे शमन करणारी म्हटले आहे. म्हणजे कफाबरोबर अंगात उष्णता आहे, घसा जळजळतो आहे, अशा अवस्थेत ती विशेष उपयोगी मानली जाते.

याउलट घशात नुसती खवखव होते, कफ मुळीच नाही, रात्री अंथरुणावर पडले की कोरडी उबळ येते, अशा खोकल्यात केवळ अडुळसा फारसा उपयोगी पडत नाही. त्याच्या कडू-तुरट रसाने घसा आणखी कोरडा झाल्याचे कित्येकांना जाणवते. तेथे ज्येष्ठमधाची कांडी चघळणे, कोमट पाणी पिणे किंवा तूप आणि खडीसाखर घेणे अधिक बरे. पातळ पाण्यासारखे नाक वाहणाऱ्या ताज्या सर्दीतही अडुळशाची घाई करू नये. दोन-तीन दिवसांनी सर्दी छातीत उतरली आणि कफ दाटला, म्हणजे त्याची वेळ येते.

झाड आणि पान

अडुळसा हे सदाहरित झुडूप आहे. ते साधारणपणे माणसाच्या उंचीएवढे वाढते, जागा मानवली तर त्याहूनही उंच होते. पाने समोरासमोर जोडीने येतात, भाल्याच्या पात्यासारखी दोन्ही टोकांना निमुळती असतात आणि त्यांची लांबी 10 ते 20 सेंटीमीटर भरते. पानाची कड सलग असते, तिला दाते नसतात. पान चुरगळले की एक उग्र वास येतो आणि जिभेला लावले तर कडवटपणा बराच वेळ रेंगाळतो. हिवाळ्यात फांद्यांच्या टोकांना पांढऱ्या फुलांचे दाट तुरे येतात. फुलाला दोन ओठ असतात आणि खालच्या ओठावर जांभळट गुलाबी रेघा असतात. हे फूल समोरून पाहिले की जबडा उघडलेल्या सिंहाच्या तोंडासारखे दिसते. संस्कृतात त्याला सिंहास्य म्हणतात ते यामुळेच. वासा, वासक, वृष आणि आटरूष ही त्याची आणखी काही संस्कृत नावे.

सोलापूर हे तीन भाषांचे गाव असल्याने येथे एकच झुडूप तीन नावांनी मागितले जाते. मराठीत अडुळसा, कानडीत आडुसोगे आणि तेलुगूत अड्डसरमु. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये या वनस्पतीला जस्टिशिया अधाटोडा हे शास्त्रीय नाव दिले. त्यातला अधाटोडा हा शब्द तमिळमधून आलेला असून, शेळी ज्याला तोंड लावत नाही ते झाड, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. बांधावर अडुळशाचे कुंपण करण्यामागे हेच कारण आहे. आपल्या भागात शेळीपासून वाचणारी हिरवी वस्तू विरळाच. अडुळसा मात्र पानांच्या कडू चवीमुळे आणि वासामुळे वाचतो.

पान ओळखताना दोन ठिकाणी चूक होण्याचा संभव असतो. काळा अडुळसा नावाचे एक वेगळे झुडूप बागांत लावलेले आढळते. त्याची पाने अरुंद असतात आणि दांडे जांभळट काळसर असतात. ते याच कुळातले असले, तरी खोकल्याच्या काढ्यासाठी ते वापरायचे नसते. दुसरी चूक वाळलेल्या पानांच्या खरेदीत होते. महारुख या झाडाच्या पर्णिका, म्हणजे त्याच्या संयुक्त पानातली छोटी पाने, वाळवून अडुळसा म्हणून खपवल्या जातात, आणि महारुख तर आपल्याकडे रस्त्याच्या कडेला कोठेही उभा असतो. महारुखाच्या पर्णिकेची कड दातेरी असते आणि तिच्या बुडाची एक बाजू दुसरीपेक्षा तिरकी असते, तर अडुळशाचे पान सलग कडेचे आणि दोन्ही बाजूंनी सारखे असते. पूर्ण चुरा झालेल्या पुडीत हा फरक दिसत नाही, म्हणून वाळलेली पाने घ्यायची असल्यास शक्यतो अखंड पाने मागावीत. काळी पडलेली, बुरशीचा वास येणारी किंवा हाताला ओलसर लागणारी पाने परत करावीत.

पानात काय आहे

अडुळशाच्या पानात व्हॅसिसिन नावाचे अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर परिणाम करणारे वनस्पतिजन्य द्रव्य, असते. वासा या संस्कृत शब्दावरून वनस्पतीला अधाटोडा व्हॅसिका हे दुसरे शास्त्रीय नाव पडले आणि त्यावरून या द्रव्याला. पान वाळताना हवेशी संयोग होऊन त्यातील काही व्हॅसिसिनचे व्हॅसिसिनोन बनते. श्वासनलिका सैल करण्याच्या दृष्टीने ही दोन्ही द्रव्ये प्रयोगशाळेत अभ्यासली गेली आहेत. व्हॅसिसिनच्या रेणूत फेरफार करूनच रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन हे औषध तयार केले. ते 1960च्या दशकात वापरात आले आणि शरीरात गेल्यावर त्यापासून जे बनते ते ॲम्ब्रोक्सॉल हेही पुढे स्वतंत्र औषध झाले. औषधाच्या दुकानातील कफ पातळ करणाऱ्या कित्येक सिरपच्या बाटल्यांवर ही दोन नावे छापलेली असतात. आजीचा काढा आणि डॉक्टरांची बाटली यांचे मूळ एका पानात सापडते, याचे मला आजही कौतुक वाटते.

त्यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. ब्रोमहेक्सिन किंवा ॲम्ब्रोक्सॉल असलेले सिरप चालू असताना त्यावर अडुळशाचा काढाही घेणे म्हणजे एकाच कामासाठी दोन माणसे लावणे होय. दोहोंपैकी एकच घ्यावे आणि कोणते ते डॉक्टरांना विचारून ठरवावे. दुसरी गोष्ट अशी की, ब्रोमहेक्सिनवर माणसांमध्ये भरपूर चाचण्या झाल्या असल्या, तरी त्यांचे श्रेय जसेच्या तसे घरच्या काढ्याला देता येत नाही. खुद्द अडुळशावरचे बहुतेक प्रयोग प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर झालेले आहेत, आणि माणसांवरचे अभ्यास थोडे व लहान आहेत. काढ्याने कफ सुटायला मदत होते हा पिढ्यांचा अनुभव आहे आणि त्याला रसायनशास्त्राचा आधारही आहे. पण दमा बरा होतो किंवा क्षय हटतो असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

स्वरस काढण्याची रीत

स्वरस म्हणजे पानांचा ताजा रस. अडुळशाचे ताजे पान कच्चे कुटले तर हाती चिकट लगदा येतो आणि रस फारच थोडा निघतो. म्हणूनच आयुर्वेदात या पानासाठी पुटपाकाची रीत सांगितली आहे. पाने वाटून त्यांचा गोळा करायचा, तो वडाच्या किंवा जांभळाच्या पानांत गुंडाळून दोऱ्याने बांधायचा, वरून बोटभर जाडीचा ओल्या मातीचा थर द्यायचा आणि तो गोळा निखाऱ्यात ठेवायचा. माती तांबूस झाली की गोळा बाहेर काढून निववायचा, आतली पाने फडक्यात घेऊन पिळायची. उष्णतेने पान मऊ पडते आणि रस मोकळा होतो.

चूल नसलेल्या घरात हेच काम इडलीपात्रात उत्तम होते. पूर्ण वाढलेली, गडद हिरवी, कीड न लागलेली 10 पाने घ्यावीत. पिवळी पडलेली आणि अगदी कोवळी पाने टाळावीत. ती वाहत्या पाण्याखाली धुऊन, पुसून, इडलीपात्रात 8 ते 10 मिनिटे वाफवावीत. पानांचा रंग हिरव्यावरून शेवाळी झाला की ती बाहेर काढून किंचित निवू द्यावीत, खलबत्त्यात कुटावीत आणि स्वच्छ सुती फडक्यातून पिळावीत. दहा पानांतून फार तर दोन-तीन चहाचे चमचे रस निघतो, आणि तेवढाच हवा असतो. रस पूर्ण निवल्यावर त्यात समभाग मध घालावा. गरम पदार्थात मध मिसळू नये असा आयुर्वेदाचा दंडक आहे.

निरोगी प्रौढ व्यक्तीने हा रस एका वेळी 1 चहाचा चमचा, म्हणजे साधारण 5 मिलिलिटर, दिवसातून दोनदा जेवणानंतर घ्यावा. वैद्यकीय ग्रंथांत 10 ते 20 मिलिलिटरची मात्रा आढळते, परंतु ती वैद्याने रोग्याची प्रकृती पाहून देण्याची मात्रा आहे. घरी स्वतःच्या जबाबदारीवर घेताना कमी मात्रेनेच सुरुवात करावी. तरुणपणी एकदा खोकला लवकर जावा म्हणून मी वाटीभर रस एका दमात प्यालो होतो. तासाभरात उलट्या सुरू झाल्या आणि पुढे दिवसभर पोटात काही ठरले नाही. जास्त अडुळशाने मळमळ, उलटी आणि जुलाब होतात, हे ऐकून होतो, पण ते तेव्हा खरे पटले.

काढा

रोजच्या वापराला स्वरसापेक्षा काढा सोयीचा आहे आणि पोटालाही सोसतो. ताजी 5 पाने हाताने तोडून घ्यावीत, किंवा वाळलेल्या पानांचा चुरा एक चहाचा चमचा भरून घ्यावा. त्यात करंगळीच्या पेराएवढी ज्येष्ठमधाची कांडी ठेचून, अर्धा इंच आले किसून आणि दोन काळी मिरी भरडून घालावी. दोन कप पाणी ओतून मंद आचेवर, झाकण न ठेवता उकळावे. पाणी आटून चतुर्थांश, म्हणजे अर्धा कप, राहिले की काढा झाला. घाई करून मोठ्या आचेवर आटवलेला काढा करपट लागतो आणि पानातला अर्क पुरता उतरत नाही. 20 ते 25 मिनिटे लागली तर लागू द्यावीत. भांडे स्टीलचे, मातीचे किंवा चांगल्या कल्हईचे असावे. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात काढे करू नयेत.

गाळलेल्या काढ्यात सुपारीएवढा गूळ विरघळवावा. त्याचे दोन भाग करून एक सकाळी न्याहारीनंतर आणि दुसरा संध्याकाळी कोमट करून घ्यावा. काढा रोज ताजा करावा. आदल्या दिवशीचा काढा फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी तापवून पिण्याची सवय काही घरांत दिसते, ती सोडावी.

या काढ्यातील प्रत्येक वस्तूला तिचे स्वतःचे काम आहे. अडुळसा कफ सोडवतो, ज्येष्ठमध घशाला स्निग्धता देतो आणि अडुळशाचा कडवटपणा झाकतो, तर आले-मिरी थंड वीर्याच्या पानाला थोडी ऊब देतात. उन्हाळ्यात किंवा ज्यांना आधीच आम्लपित्त आहे, त्यांनी मिरी वगळावी आणि गुळाऐवजी खडीसाखर घ्यावी. रक्तदाबाचे औषध चालू असणाऱ्यांनी ज्येष्ठमध घालू नये, कारण नियमित घेतल्यास त्याने रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम कमी होते. मधुमेह असलेल्यांनी गूळ, मध, खडीसाखर यांपैकी काहीही न घालता कडू काढा घ्यावा. तो कडूच असतो आणि कडूच प्यावा लागतो.

काढा सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत कफ सुटा होऊन बाहेर पडू लागतो आणि पहिल्या दिवशी खोकला थोडा वाढल्यासारखाही वाटतो. कफ बाहेर यायलाच हवा, तो गिळू नये. सोबत दिवसभर कोमट पाणी घोट घोट प्यावे, नाहीतर कफ पातळ कशाने होणार? पाच दिवस, फार तर सात दिवस काढा घ्यावा. एवढ्यात आराम पडला तर थांबावे. आराम पडला नाही तर काढा वाढवू नये, डॉक्टरांकडे जावे.

बाजारात मिळणारा वासावलेह (चाटण) आणि वासारिष्ट (आंबवलेले पेय) हीदेखील अडुळशाचीच रूपे आहेत. अवलेहात साखर भरपूर असते आणि अरिष्टात आंबवण्याच्या क्रियेतून मद्यार्क तयार झालेला असतो, एवढे लक्षात ठेवून ती वैद्याच्या सांगण्यावरूनच घ्यावीत.

घोळणा फुटल्यावर

अडुळशाचा दुसरा परंपरागत उपयोग सोलापूरच्या हवामानाशी अगदी जवळचा आहे. येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा 42-43 अंशांच्या पुढे जातो, हवा ठणठणीत कोरडी होते आणि मुलांचे घोळणे फुटू लागतात. आयुर्वेदात रक्तपित्त या नावाखाली नाकातून, तोंडातून किंवा अन्य मार्गाने होणाऱ्या रक्तस्रावाचे वर्णन आहे आणि त्यावरील प्रमुख द्रव्यांत वासा गणली जाते. वासा उपलब्ध असताना आणि जगण्याची आशा असताना रक्तपित्ताच्या, क्षयाच्या आणि खोकल्याच्या रोग्याने खचून का जावे, अशा आशयाचे एक जुने वचन वैद्यांच्या तोंडी असते. खडीसाखरेबरोबर अडुळशाचा स्वरस देण्याची रीत त्यातूनच घरोघरी आली.

परंतु नाकातून रक्त वाहत असताना रस काढत बसू नये. त्या क्षणी व्यक्तीला सरळ बसवून मान किंचित पुढे झुकवावी, नाकाचा पुढचा मऊ भाग चिमटीत धरून सलग 10 मिनिटे दाबून ठेवावा आणि तोंडाने श्वास घ्यायला सांगावे. डोके मागे टाकून पाणी ओतण्याची आपली सवय चुकीची आहे. त्याने रक्त घशात उतरते. अर्ध्या तासातही रक्त थांबले नाही, मार लागून रक्त आले असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तडक रुग्णालय गाठावे. अडुळसा हा वारंवार घोळणा फुटणाऱ्या मोठ्या माणसासाठी, रक्तदाब तपासून झाल्यानंतर, वैद्याच्या सल्ल्याने घेण्याचा उपाय आहे.

बाहेरून लावण्याचे उपयोग साधे आहेत. मुरगळून सूज आलेल्या जागी पाने तव्यावर शेकून, सोसेल तितकी गरम बांधतात. हिरड्या हुळहुळ्या झाल्या असता पाने उकळलेल्या कोमट पाण्याने चुळा भरतात. वाळलेली पाने विडीसारखी ओढून दमा शमतो अशी एक जुनी समजूत आहे. ती मात्र पूर्णपणे सोडून द्यावी, कारण धूर कोणत्याही पानाचा असला तरी दम्याच्या फुप्फुसाला तो घातकच असतो.

कोणी घेऊ नये

गरोदर स्त्रीने अडुळसा कोणत्याही स्वरूपात घेऊ नये. व्हॅसिसिनमुळे गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते. खोकल्याचे आयुर्वेदिक सिरप निरुपद्रवी म्हणून घेतले जाते आणि बाटलीवरच्या घटकांत वासा लिहिलेला असतो, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. म्हणून घरात कोणी गरोदर असल्यास प्रत्येक बाटलीवरील घटक वाचावेत. दिवस राहण्याची शक्यता असतानाही तो टाळावा, आणि अंगावर पाजणाऱ्या मातेने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये, मग तो अडुळशाबरोबर असो किंवा नुसता; त्यातून बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. बारा वर्षांखालील मुलांना घरच्या अंदाजाने काढा देऊ नये. दम्याच्या रुग्णांनी अडुळसा सुरू केला म्हणून इनहेलर बंद करू नये. दम लागलेल्या माणसासाठी काढा उकळत ठेवण्याइतका वेळ नसतो.

या शहराची धूळ

1877 मध्ये ‘जुनी गिरणी’ या नावाने ओळखली जाणारी कापड गिरणी सुरू झाली तेव्हापासून हे शहर सुताच्या जोरावर उभे राहिले. गिरण्या बंद पडल्या, तरी चादरी-टॉवेलांचे यंत्रमाग चालू आहेत, आणि हजारो घरांत बायका विड्या वळतात. सुताची तूस आणि तंबाखूची धूळ रोज श्वासावाटे आत जाते. अशा माणसाला खोकला झाला की तो कामाचाच खोकला आहे असे तो गृहीत धरतो आणि घरचे त्याला अडुळसा उकळून देतात.

आमच्या आळीतील यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ असेच तीन महिने काढा घेत होते. पाने आमच्याच झाडाची होती. मध्ये चार दिवस बरे वाटायचे, पुन्हा खोकला यायचा. संध्याकाळी अंग कोमट लागायचे, पण ते थकवा म्हणून सोडून द्यायचे. शेवटी थुंकीत रक्ताची रेघ दिसली तेव्हा तपासणी झाली आणि क्षयरोग निघाला. सहा महिन्यांच्या औषधांनी ते पूर्ण बरे झाले. तरीही आपल्या पानांनी त्यांचे तीन महिने वाया गेले, ही बोच माझ्या मनातून गेलेली नाही. तेव्हापासून कोणी पाने मागायला आले की मी आधी एकच प्रश्न विचारतो : खोकला किती दिवसांपासून आहे?

उत्तर दोन आठवड्यांपेक्षा जास्त असेल तर पानांऐवजी सरकारी दवाखान्याचा रस्ता धरावा. तेथे थुंकीची तपासणी आणि क्षयरोगाची औषधे मोफत मिळतात, आणि उपचार चालू असताना पोषणासाठी नि-क्षय पोषण योजनेतून दरमहा 1,000 रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होतात. खोकल्यातून रक्त पडणे, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घामाने अंथरूण भिजणे, वजन घटणे, छातीत दुखणे किंवा चालताना धाप लागणे, यांपैकी एक जरी लक्षण असेल तर दोन आठवडेही थांबू नये. जुने वचन क्षयाच्या रोग्यालाही वासेचा भरवसा देते हे खरे. पण ते वचन रचले गेले तेव्हा क्षयाचे जंतू मारणारे औषध अस्तित्वात नव्हते.

माग किंवा सूतकताईवर काम करणाऱ्यांनी आणखी एक खूण लक्षात ठेवावी. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो आणि पुढच्या दिवसांत हळूहळू कमी होते, असे वारंवार घडत असेल तर तो कापसाच्या धुळीमुळे होणारा बिसिनोसिस असू शकतो. धूळ चालूच राहिली तर काढा कितीही घेतला तरी तो आजार हटत नाही. नाकावर चांगला मास्क, कारखान्यात हवा खेळती ठेवणे आणि छातीच्या डॉक्टरांकडून फुप्फुसांची तपासणी हाच त्यावरचा मार्ग आहे.

घरी लावण्यासाठी

साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात अडुळसा सहज तग धरतो. रोप विकत घेण्याची गरज नसते. जून-जुलैमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की पेन्सिलीएवढ्या जाडीची, 15 ते 20 सेंटीमीटर लांबीची, तीन-चार डोळे असलेली पक्व फांदी तिरकी छाटून घ्यावी, खालची पाने काढावीत आणि दोन डोळे मातीत जातील अशी लावावी. महिनाभरात फुटवे दिसू लागतात. या झाडाला पाणी कमी पडण्यापेक्षा पाणी साचण्याचा धोका अधिक असतो. आपल्या काळ्या जमिनीत पावसाचे पाणी कित्येक दिवस मुरत नाही, त्यामुळे खड्ड्यात मुरूम किंवा वाळू मिसळून जागा थोडी उंच करावी. अंगण नसेल तर 12 इंचांच्या कुंडीतही ते चांगले येते. तळाची भोके मात्र मोकळी हवीत. पहिल्या उन्हाळ्यात दोन दिवसांआड पाणी द्यावे, पुढे आठवड्यातून एकदा पुरते.

पाने पहिल्या वर्षी तोडू नयेत. दुसऱ्या वर्षापासून फुले येण्याच्या सुमारास, सकाळचे दव वाळल्यावर, खालच्या बाजूची पक्व पाने खुडावीत आणि एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पाने घेऊ नयेत. रस्त्याकडेच्या किंवा फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरील झाडाची पाने औषधासाठी नकोत. वाळवण उन्हात न घालता सावलीत, सुती कापडावर एकेरी थरात पसरावे. आपल्या कोरड्या हवेत चार-पाच दिवसांत पान हिरवट राहून कुरकुरीत होते. असे पान हाताने चुरडले की कडकन मोडले पाहिजे. वाकले तर आणखी एक दिवस ठेवावे. नंतर ती अखंड पाने घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून वर वाळवल्याचा महिना आणि साल लिहावे, आणि पुढच्या हिवाळ्यात नवी पाने आली की उरलेली जुनी पाने झाडाच्या बुडाशी टाकून द्यावीत.